राहणार श्यावान

खांग श्यू-मिननं उभ्या जन्मात देवापुढे कोंबडा कापला नाही. यात एवढं सांगण्यासारखं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण तैवानच्या आमच्या या पश्चिम किनाऱ्यावर निवडणुकीला उभं राहायचं आणि कोंबडा कापायचा नाही, म्हणजे पंगतीला बसायचं आणि पानाला हात लावायचा नाही. उमेदवारावर कुणी चिखल उडवला की त्यानं पांढरा कोंबडा बगलेत मारून नगरदेवाच्या देवळात जायचं. उदबत्त्या लावायच्या. नाव, जन्म, राहण्याचा पत्ता देवाला सांगायचा, 'खोटं बोलत असेन तर माझी गत या कोंबड्यासारखी होवो' म्हणायचं आणि सुरी चालवायची. नगरदेव म्हणजे वरच्या दरबारातला न्यायाधीश. त्याचे दोन शिपाई, एक ताडमाड गोरा आणि एक बुटका काळा, खोटं बोलणाऱ्याला घरी येऊन उचलतात. आमच्याकडे मान कोर्टाला कमी आणि या दोघांना जास्त. कोर्टांनीच ती वेळ आणली, त्याला कोण काय करणार.

श्यू-मिन श्यावान गावची. बाप कालवं पिकवणारा, आई लहानपणीच गेलेली, वाढवलं ते लियनआत्यानं. ही आत्या कालवं फोडण्याच्या शेडमध्ये जन्मभर बसलेली बाई, हातात एक सुरी आणि तोंडात दुसरी. पोरगी शिकून वकील झाली तेव्हा आत्या म्हणाली, "बरं झालं. तू भांडायची ती भांडणारच. आता निदान पैसे घेऊन भांड." पैसे काही पोरीनं फारसे घेतले नाहीत. लष्करी कायद्याचे दिवस होते. पत्रकं वाटली, सभा घेतली म्हणून पोरं उचलली जायची, आणि त्यांचे खटले घ्यायला दुसरं कुणी तयार नसायचं.

लष्करी कोर्टात गणवेशातला न्यायाधीश आरोपीला विचारायचा, "निर्दोष आहेस म्हणतोस, मग सिद्ध कर." आता न केलेली गोष्ट माणूस कुठून आणून दाखवणार? त्या एका प्रश्नावर तिची माणसं तुरुंगात गेली, आणि काही तिथून केस पांढरे करून परत आली. तेव्हापासून 'सिद्ध कर' हे शब्द ऐकले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

लष्करी कायदा उठला आणि मोकळ्या निवडणुकीत ती उभी राहिली. लगेच समोरच्या उमेदवारानं आवई उठवली, की कालवं मारणाऱ्या कारखान्याविरुद्धचा गावाचा खटला हिनं पैसे खाऊन मिटवला. धडधडीत खोटं. पण खोट्याला पाय नसले तरी आमच्याकडे त्याला लाउडस्पीकर असतो. चौकाचौकात एकच घोष सुरू झाला: कर नाही त्याला डर कशाला, कापा की कोंबडा.

तिच्या हाताखाली तेव्हा चुंग ई-वेइ नावाचा ज्युनिअर होता. नुकता पास झालेला, हुशार, गोड बोलणारा, भर उन्हात शर्टाची इस्त्री न मोडू देणारा. त्यानं कोंबडा आणूनच ठेवला होता.

"बाई, कापून टाका," तो म्हणाला. "कोंबडाच आहे. संध्याकाळी आलं घालून रस्सा करू."

"आरोप कुणी केला?"

"त्यांनी."

"मग पुरावा कुणी द्यायचा?"

"बाई, हे कोर्ट नाही."

"म्हणूनच तर," श्यू-मिन म्हणाली. "आज कुणी 'सिद्ध कर' म्हटलं आणि मी सुरी उचलली, तर त्या गणवेशवाल्याचंच खरं होतं असं होईल. माझी माणसं मग कशासाठी आत गेली? मी कापणार नाही. त्याला हवं तर त्यानं कापावा."

ती हरली. सपाटून हरली.

निकालानंतर आमच्याकडे उमेदवार उघड्या ट्रकवर उभा राहून गल्लोगल्ली मतदारांचे आभार मानत फिरतो. जिंकलेला फिरतोच, आणि पाठीला कणा असेल तर हरलेलाही फिरतो. श्यू-मिन कालवं वाहायच्या ट्रकवर उभी राहिली. अंगावर नावाचा पट्टा, हातात भोंगा, दर दाराशी कमरेतून वाकायचं आणि म्हणायचं, "हरले. आभारी आहे." चुंग ई-वेइ पुढे ड्रायव्हरशेजारी काच वर करून बसला होता. बाजाराच्या वळणावर ट्रक हळू झाला तेव्हा तो दार उघडून उतरला आणि गर्दीत दिसेनासा झाला. आत्यानं आपल्या दारात फटाक्यांची माळ लावली आणि पुतणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अगं गाढवे, एक कोंबडा गं. फक्त एक कोंबडा." तो कोंबडा आत्याच्या अंगणात दाणे टिपत म्हातारा झाला आणि आपल्या मरणानं मेला.

पुढची निवडणूक श्यू-मिन जिंकली, कोंबड्याशिवाय. तिच्या पुढचीही. संसदेत तिनं काय काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सभापतींचा माईक हिसकावला, विरोधकानं फेकलेला पाण्याचा पेला तोंडावर झेलला, आणि मग नाकावरून पाणी गळत असताना शांतपणे पुढचं कलम वाचायला घेतलं. पकडलेल्या माणसाला वकील मिळेपर्यंत त्याचा जबाब घ्यायचा नाही, हे कलम तिनं असं ओल्या केसांनी मंजूर करून घेतलं. लोक हसले, पण ते कलम आजही आहे. मग सरकार बदललं, तिचा पक्ष आला, आणि पन्नाशी ओलांडलेली खांग वकीलबाई न्यायमंत्री झाली. श्यावानच्या बायकांनी तिला मंत्रीबाई म्हणून पाहिलं, जमेना, आणि त्या पुन्हा वकीलबाईच म्हणू लागल्या.

चुंग ई-वेइ मधल्या काळात वारा पाहून शीड फिरवत राहिला. या पक्षातून त्या पक्षात, आणि तिचा पक्ष जिंकायची चिन्हं दिसताच परत तिच्याच पक्षात. आता तो पंतप्रधानांचा उजवा हात होता. तैपेइत घर झालं तेव्हा वास्तूच्या जेवणाला त्यानं तिला आग्रहानं बोलावलं होतं. ती गेलीही होती, त्याच्या लहानग्या जुळ्या मुलींसाठी खाऊ घेऊन. मनात अढी ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता. रागवायची ती तोंडावर आणि मोकळी व्हायची. माझ्या मते तिथेच ती चुकली, पण मला विचारतं कोण.

एक दिवस हा चुंग ई-वेइ तिच्या मंत्रालयातल्या खोलीत आला. हातात उंच डोंगरावरच्या चहाचा डबा.

"बाई, वेइसाहेबांचं जरा सांभाळून घ्या," तो म्हणाला.

वेइ तुंग-हाइ म्हणजे आमच्या जिल्ह्याचा निवडून आलेला प्रमुख, तिच्याच पक्षाचा. कारखान्यांचा विषारी गाळ त्यानं कालवांच्या उथळ पाण्यात ओतू दिला आणि त्याबद्दल स्वतःचं भलं करून घेतलं, असा संशय होता. सरकारी वकील चौकशी करत होते. श्यावानच्या दोऱ्यांना लटकलेली कालवं त्या वर्षी उघडली तर आत नुसता काळा चिखल निघाला होता.

"काय सांभाळू?"

"निवडणूक तोंडावर आलीय. मुख्य सरकारी वकिलांना एक फोन करा. 'घाई नको', एवढंच. प्रकरण बंद करा असं कोण म्हणतंय?"

"मंत्री कुठल्या खटल्यासाठी फोन करत नसतो, ई-वेइ. हे मी तुला पहिल्या महिन्यात शिकवलंय."

"आपला माणूस आहे, बाई."

"कालवंही आपलीच होती."

तो हसला. "अजून तशाच आहात," म्हणाला आणि डबा टेबलावर ठेवून निघाला. तो लिफ्टपर्यंत पोचायच्या आत तिनं शिपायाला डबा देऊन त्याच्या मागे पळवलं.

आठवडाभरानं बातमी फुटली. मुख्य सरकारी वकिलांना फोन गेला होता, 'वेइ प्रकरण जरा थंड घ्या, मंत्रीबाईंची तशी इच्छा आहे.' फोन चुंग ई-वेइनं केला होता, आणि त्यानं ते नाकारलंही नाही. कॅमेऱ्यांपुढे डोळे पुसत तो म्हणाला, "बाईंनी मला सांगायला सांगितलं. त्या माझ्या गुरू आहेत. गुरूला नाही कसं म्हणायचं?"

चोर तो चोर आणि वर शिरजोर. पण करणार काय? खोलीत दोघंच होते, तिसरा कान नव्हता. त्याचा शब्द एकीकडे, तिचा एकीकडे, आणि त्याचा शब्द रडत बोलला गेला होता. श्यू-मिननं पत्रकारांना सांगितलं, "खोटं आहे. म्हणणाऱ्यानं पुरावा द्यावा." हे सगळ्या वाहिन्यांनी दाखवलं, आणि खाली अक्षरं फिरवली: मंत्र्यांकडे उत्तर नाही.

त्या दिवशी आत्याचा फोन आला. ऐंशी ओलांडलेली म्हातारी, फोनवर नेहमी ओरडून बोलणारी. आज आवाज खाली होता.

"मिन, जेवलीस का?"

"जेवले. तू बोल."

"बोलायचं काय. शेडमध्ये कुणी बोलत नाही माझ्याशी. आपली कालवं मेली आणि मारणाऱ्याला आपल्याच पोरीनं वाचवलं म्हणतात. बाओ-चू माझ्या शेजारी बसायची ना, तिनं आपलं स्टूल उचलून पार दाराशी नेलंय."

"तुला काय वाटतं, आत्या?"

"मला काय वाटायचंय? तू फोन करणारी असतीस तर कधीच पंतप्रधान झाली असतीस. पण मला वाटून काय उपयोग? बाओ-चूला वाटायला हवं."

श्यू-मिननं फोन ठेवला. मंत्रिपद गेलं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. ते दाराशी नेलेलं स्टूल तिला लागलं. बाओ-चूच्या नवऱ्याचा कारखान्याविरुद्धचा खटला तिनंच लढवला होता, आणि त्या बाईनं फी म्हणून वर्षानुवर्षं कालवांचं धिरडं खाऊ घातलं होतं.

आणि त्यावर चुंग ई-वेइनं शेवटचा घाव घातला. त्यानं जाहीर केलं, की येत्या रविवारी आपण स्वतः श्यावानच्या नगरदेवापुढे कोंबडा कापून शपथ घेणार. "मंत्रीबाईंचं गाव, मंत्रीबाईंचा देव. त्यांनीही यावं. कर नाही त्याला डर कशाला?"

डाव पक्का होता. ती गेली नाही तर दोषी. गेली आणि कापला नाही तरी दोषी. कापला, तर आयुष्यभर ज्यासाठी भांडली ते स्वतःच्या हातानं मोडलं. आणि ती मरेल पण सुरी उचलणार नाही, हे या बेटावर चुंग ई-वेइइतकं कुणाला ठाऊक होतं?

पंतप्रधानांचाही फोन आला. "खांगबाई, राजीनामा देऊन टाका. तब्येतीचं कारण सांगू. सगळं शांत होईल."

"माझी तब्येत ठणठणीत आहे."

"हट्ट करू नका."

"काढायचं तर काढा, तो तुमचा अधिकार आहे. पण मी आपल्या पायांनी पळाले असं लिहून देणार नाही. मी गेले की वेइ प्रकरण कुठे जाईल, तेही मला माहितीय."

रविवारी सकाळी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. सॉसेज भाजणारे आपल्या गाड्या घेऊन हजर झाले होते, आणि सॉसेजवाला आला की राजकारण तापलं असं आमच्याकडे समजतात. कॅमेरे, भोंगे, पानाची पिचकारी टाकून टाकून लाल झालेली कोपऱ्याची माती. शेडमधल्या बायका रबरी बूट घालूनच आल्या होत्या. त्यांच्यात बाओ-चूही होती. ती श्यू-मिनकडे बघत नव्हती.

लियनआत्या एका बाजूला एकटीच उभी होती. तिच्या काखेतल्या टोपलीत काहीतरी हलत होतं.

"हे काय?" श्यू-मिननं विचारलं.

"कोंबडा. पांढरा आहे."

"आत्या, मी कापणार नाही."

"माहितीय गं. लागला तर असावा म्हणून आणलाय."

देवळाच्या आत तुळईला हिशेबाच्या मण्यांची मोठी लाकडी चौकट टांगलेली आहे, देव जिच्यावर माणसांच्या कर्मांची बेरीज करतो ती. तिच्याखाली चुंग ई-वेइ गुडघे टेकून बसला होता. पांढरा शर्ट, इस्त्री जशीच्या तशी. डाव्या हातात कोंबड्याचे पाय, पुढ्यात ठोकळा आणि सुरी. उजवीकडे ताडमाड गोऱ्या शिपायाची मूर्ती, डावीकडे बुटक्या काळ्याची. देवळाच्या म्हाताऱ्या पंचांनी त्याच्या तोंडापुढे माईक धरला.

"नगरदेवा," तो म्हणाला. आवाज खणखणीत, सराव केलेला. "मी चुंग ई-वेइ. सापाच्या वर्षी, अकराव्या महिन्यात जन्म. राहणार पंतप्रधान कार्यालय, तैपेइ. माझ्या जबाबातला एकही शब्द खोटा असेल तर..."

श्यू-मिन खांबाला टेकून ऐकत होती. आयुष्यात तिनं किती साक्षीदार ऐकले असतील ते तिचं तिलाच ठाऊक. कोर्टातही सुरुवात हीच असते: नाव सांगा, जन्म सांगा, राहता कुठे ते सांगा. ज्युनिअर पोरांना ती नेहमी सांगायची, पहिले प्रश्न कान देऊन ऐका, माणूस पुढच्या प्रश्नांची तयारी करून येतो, या प्रश्नांची करत नाही. तिनं पाठ सरळ केली.

"हरकत आहे," ती म्हणाली.

गर्दीतून हशा आला. चुंग ई-वेइनं मान वळवली.

"बाई, हे कोर्ट नाही."

"हे तू मला पूर्वीही सांगितलं होतंस. कोर्ट नाही तर पत्ता कशाला सांगितलास?"

"रीत आहे म्हणून."

"मग रीतीनं सांग. कार्यालयात तू राहतोस?"

"दिवसभर मी तिथेच असतो. साऱ्या देशाला माहितीय."

"दिवसभराचं कुणी विचारलं नाही. झोपतोस कुठे? देवाला घर सांगायचं असतं, ई-वेइ. गल्ली, घराचा नंबर. साधा प्रश्न आहे. बाकीची शपथ मग खुशाल घे."

त्याच्या हातातला कोंबडा फडफडला. बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं, "अगं हो की गं, ऑफिस सांगितलं यानं." दुसरी म्हणाली, "रविवारी ऑफिसला कुलूप असतं. शिपाई येऊन हात हलवत परत जातील." हशा पिकला. चुंग ई-वेइ हसला नाही.

"कर नाही त्याला डर कशाला, बाळा?" लियनआत्या मागून म्हणाली. "सांग की पत्ता."

तो उजवीकडे बघेना आणि डावीकडेही बघेना. जर्मनीत शिकून आलेला माणूस, मोबाईलवर शेअरबाजार बघणारा. पण त्याची आई शेजारच्याच गावची, आणि लहानपणी रडला की तिनं त्याला याच दोन शिपायांचं भय दाखवलेलं. श्यू-मिनला त्याच्या डोळ्यांत काय चाललंय ते स्वच्छ दिसत होतं. त्या घराचा पाचवा मजला, दारातले छोट्या छोट्या बुटांचे दोन जोड. ती तिथे जेवून आली होती. गल्ली, नंबर, सगळं तिच्या जिभेवर होतं.

ते एका पत्रकाराच्याही ध्यानात आलं. "मंत्रीबाई, तुम्हाला पत्ता माहिती असेल ना?"

"तुम्हीच सांगा देवाला," मागून कुणी ओरडलं. "सांगा, वकीलबाई. सांगून टाका."

माईक सगळे तिच्याकडे वळले. चुंग ई-वेइनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर काही लपवलेलं नव्हतं.

"माहितीय," ती म्हणाली. "पण सांगणार नाही. त्या घरात दोन लहान मुली झोपतात. माझं भांडण त्यांच्याशी नाही. सांगायचा असेल तर त्याच्या तोंडानं सांगू दे."

चुंग ई-वेइनं कोंबड्याचे पाय सोडले. कोंबडा ठोकळ्यावरून उडी मारून पंचांच्या पायांतून पळाला. चुंग ई-वेइ उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "ही सगळी अंधश्रद्धा आहे. लोकांच्या भावनांचा मान राखायचा म्हणून मी आलो होतो."

"मग मेल्या, सुरीला धार कशाला लावलीस?" आत्या म्हणाली.

हसण्याचा लोंढा त्याच्या मागे थेट गाडीपर्यंत गेला. पत्रकारांनी श्यू-मिनला घेरलं. "मंत्रीबाई, आता तुम्ही शपथ घेणार ना? आता तर तुम्ही जिंकलात."

"नाही घेणार."

"आता काय हरकत आहे?"

"जी पहिल्या निवडणुकीत होती तीच. आरोप त्यानं केला, पुरावा त्यानं द्यायचा. आणि ऐका, आता इथे जे झालं तोही पुरावा नाही. माणूस पोरींसाठी घाबरला एवढंच तुम्ही पाहिलं. तेवढ्यावर मी कुणाला दोषी ठरवू देणार नाही, त्यालासुद्धा. उद्या मी रीतसर तक्रार देणार आहे, माझं नाव वापरून फोन केला म्हणून. मलाही पिंजऱ्यात उभं करा, उलटतपासणी घ्या. वेइ प्रकरण मात्र कुणाच्या फोनानं थांबायचं नाही."

आत्यानं कपाळावर हात मारला. "काय बाई आहे. जिंकलेला डावसुद्धा परत देते."

सोमवारी सकाळी श्यू-मिननं तक्रार दिली, आणि संध्याकाळी पंतप्रधानांनी तिला मंत्रिमंडळातून काढलं. पक्षाची एकी, असं कारण दिलं होतं. तिच्या सेवेबद्दल आभारही मानले होते. वेइ प्रकरणाला हात लावायची मात्र आता कुणाची छाती नव्हती, कारण सारं बेट त्याच्यावर डोळे लावून बसलं होतं. तेवढं तिनं कमावलं होतं. आता कुणीही म्हणालं असतं, चार दिवस घरी पडून राहावं, लोक विसरतात.

मंगळवारी दुपारी कालवं वाहायचा ट्रक श्यावानच्या वेशीतून आत आला. मागे श्यू-मिन उभी. अंगावर नावाचा तोच पट्टा, हातात भोंगा. निवडणुकीनंतर आभार मानत फिरतात हे ठीक, पण मंत्रिपदावरून हाकललेल्या माणसानं ट्रकवरून आभार मानल्याचं आमच्या पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. पुढे ड्रायव्हरशेजारी लियनआत्या बसली होती, मांडीवर टोपलीतला कोंबडा, काच खाली केलेली.

"हाकलली," श्यू-मिन भोंग्यातून म्हणाली आणि कमरेतून वाकली. "आभारी आहे."

दारं उघडली. कुणी हसलं, कुणी हात हलवला, कुणी नुसतंच पाहत राहिलं. ट्रक शेडसमोर येऊन थांबला. बायका हातमोज्यांनिशी, सुऱ्यांनिशी बाहेर आल्या. बाओ-चू दारातच उभी राहिली, चेहरा घट्ट.

"काय, वकीलबाई," ती म्हणाली. "आता काय करणार?"

"करायचं काय? ऑफिस उघडणार. पण एक गोष्ट राहिलीय." श्यू-मिननं भोंगा तोंडाशी धरला. आवाज थोडा फाटला, तो तिनं तसाच राहू दिला. "इतकी वर्षं तुम्ही मला म्हणत आलात, देवापुढे कोंबडा काप. मी कापला नाही, यापुढेही कापणार नाही. कुणी 'सिद्ध कर' म्हटलं म्हणून मी गुडघे टेकणार नाही. त्याच्यापायी निवडणूक गेली, खुर्ची गेली, जाऊ दे. पण पत्ता सांगायला मी कधी भ्याले नाही, तो आज सांगते. खांग श्यू-मिन. ड्रॅगनच्या वर्षी, सातव्या महिन्यात जन्म."

"भुतांच्या महिन्यात," आत्या खिडकीतून म्हणाली. "तरीच."

"राहणार श्यावान. देवळामागची गल्ली, शिंपल्यांची भिंत असलेलं घर. आता रात्री मी तिथेच झोपते. देवाचे शिपाई येऊ देत नाहीतर सरकारचे, मी घरीच असेन. दाराला कडी नसते."

बाओ-चूनं हातमोजे काढले, आत गेली. दाराशी नेलेलं ते स्टूल फरशीवरून घासत नेल्याचा आवाज शेडच्या त्या टोकाला आत्याच्या जागेपर्यंत गेला. मग ती बाहेर आली आणि ट्रकच्या खिडकीवर थाप मारली.

"म्हातारे, उतर," ती म्हणाली. "कालवं सुकतात."